विश्वासाचे भांडवल

(लघुउद्योजकांच्या मेळाव्यातील भाषण)



ध्वनिचित्रफीत निर्मितीच्या व्यवसायात कॅमेरा भाड्याने मिळतो. भरवशाचे सहकारी मिळत नाहीत. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने १९८४ मध्ये आपल्याच कष्टकरी सभासद महिलांना चित्रीकरणाचे प्रशिक्षण दिले. त्यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. तंत्र शिकवता येते. परस्परविश्वास सहवासातूनच निर्माण होतो.

आम्ही तिघांनी लग्नसमारंभांच्या चित्रीकरणापासून सुरुवात केली. मी कॅमेरा सांभाळत असे, दुसरा ध्वनी, तिसरा संकलन. पुढे एका मोठ्या ग्राहकाने आमचे देयक आठ महिने थकवले. त्या काळात दोघांनी पैशांचा विषयही काढला नाही. मी मात्र खजील झालो. कारण कोणाचा वाटा किती, हे कोठेच लिहिलेले नव्हते.

त्यानंतर आम्ही २००८ च्या कायद्यानुसार मर्यादित दायित्व भागीदारी नोंदवली. वाटे, जबाबदाऱ्या आणि वेगळे होण्याच्या अटी लिहून काढल्या. उद्यम नोंदणीही केली. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये अशा सूक्ष्म वा लघुउद्योगाचे देयक चुकते करण्यासाठी लेखी करारातही ४५ दिवसांपेक्षा अधिक मुदत ठेवता येत नाही. विलंब झाल्यास खरेदीदाराला बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

करार हा अविश्वासाचा कागद नव्हे. विश्वासावर अवाजवी भार पडू नये, म्हणून तो करावयाचा असतो. माझ्या दोन मित्रांच्या आठ महिन्यांच्या मौनाने मला एवढे शिकवले.