नाताळचा बंब

(हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मी छत्तीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली. त्यातले निम्म्याहून जास्त नाताळ ड्यूटीवरच गेले. मिशनच्या ज्या दवाखान्यात मी शिकले, तिथं २४ डिसेंबरच्या रात्री आम्ही मुली हातात कंदील घेऊन एकेका वॉर्डातून गात जायचो. रुग्ण उठून बसायचे. कुणी गाण्यावर मान डोलवायचं, कुणी नुसतंच उजेडाकडं बघत राहायचं. नाताळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं आजही आधी तो कंदिलाचा उजेड येतो, आणि मग घरचा फराळ.

तुम्ही मला विषय दिलात, 'नाताळ आणि कुटुंबाची सेवा'. आमच्या घरी एक तांब्याचा बंब आहे. आज मी मुख्यतः त्या बंबाबद्दल बोलणार आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. त्या डिसेंबरात मुलगा म्हणाला, "आई, यंदा तू नाताळला घरी आहेस. आपण सगळे मिळून कुणासाठी तरी काहीतरी करू." नात तेव्हा सहा वर्षांची. तिलाही कल्पना फार आवडली. घरात नाताळच्या करंज्या, शंकरपाळी, चिवडा चाललाच होता, त्यातच पुड्या बांधल्या. पंचवीस ब्लँकेटं आणली. पंचवीस तारखेला सकाळची उपासना आटोपून दुपारी आम्ही पाचही जण जिल्ह्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो.

तिथं आमच्या आधी तीन मंडळं येऊन गेली होती. व्हरांड्यात एक बाई बसली होती, पाथर्डीकडची. लेकीचं सिझेरियन झालं होतं. तिच्यापाशी तीन ब्लँकेटं, केळ्यांच्या दोन फण्या आणि बिस्किटपुड्यांचा ढीग. मी चौथं ब्लँकेट पुढं केलं. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "माय, पांघरूण झालं. वाईच ऊन पाणी मिळंल का कुठं? तीन दिस झालं, थंड पाण्यानंच तोंड धुतीया."

माझे पाय तिथंच खिळले. छत्तीस वर्षं मी रुग्णांची नाडी, ताप, औषधांच्या वेळा सांभाळल्या. रुग्णाबरोबर गावाहून आलेलं माणूस कुठं झोपतं, कुठं अंघोळ करतं, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. रुग्णाला खाट मिळते, जेवण मिळतं. नातेवाईक जिन्याखाली, व्हरांड्यात, झाडाखाली. डिसेंबरातली नगरकडची पहाट काय असते, हे तुम्हाला सांगायला नको. नळाच्या पाण्यात हात घातला की बोटं वाकत नाहीत.

घरी परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. रात्री जेवताना यजमान म्हणाले, "माळ्यावर बंब आहे."

सासूबाईंच्या वेळचा बंब. मधोमध जाळाची नळी, खाली राखेची जाळी, बाजूला पितळी तोटी. गिझर आला तेव्हा तो माळ्यावर गेला आणि विसरला गेला. सुनेनं चिंच-मिठानं तो घासला, मुलानं तोटीला नवा वायसर बसवला. नात नारळाच्या करवंट्या गोळा करायला लागली. शेजारच्या काकूंना, मावशींना, शाळेतल्या मैत्रिणींच्या आयांना तिनं सांगून ठेवलं, "करवंट्या टाकू नका, मला हव्यात." वर्षभर पोतं भरत राहिलं. करवंटीचा जाळ कडक, धूर कमी. बंबाला तिच्याइतकं चांगलं जळण नाही.

पुढल्या वर्षी आम्ही तारीख बदलली. पंचवीस तारखेला रुग्णालयात गर्दी असते. त्या दिवशी प्रत्येकाला द्यायचं असतं. सव्वीसला गर्दी ओसरते आणि सत्तावीसला कुणी फिरकत नाही. म्हणून आम्ही सत्तावीस डिसेंबर धरला. महिनाभर आधी तिथल्या सिस्टरांना भेटलो, साहेबांची लेखी परवानगी घेतली, फाटकाबाहेरची मोकळी जागा ठरवली. पहाटे पाचला बंब पेटवला. साडेपाचला पहिली बादली भरली. साडेआठपर्यंत माणसं येत राहिली.

चूक मात्र त्या वर्षीही झालीच. पाण्याबरोबर चहाही फुकट द्यायचा असं आम्ही ठरवलं होतं. साठ कपांचा चहा केला, चार लिटर दूध, अर्धा किलो साखर. आठ वाजता माझं लक्ष शेजारच्या टपरीकडं गेलं. टपरीवाल्याचं दुधाचं पातेलं तसंच भरलेलं. त्याचं सकाळचं गिऱ्हाईक आम्ही फुकट चहानं पळवलं होतं. तो काही बोलला नाही, उलट आम्हाला काड्यापेटी त्यानंच दिली होती. त्या दिवसापासून आम्ही चहा करत नाही. पुठ्ठ्याची तिकिटं कापतो, त्यावर नात कपाचं चित्र काढते, माणसं ते तिकीट दाखवून टपरीवर चहा घेतात आणि शेवटी हिशेब आम्ही चुकता करतो. आता तो टपरीवालाच रात्री फोन करून विचारतो, "ताई, उद्या दूध किती सांगू?"

इतक्या बारीकसारीक गोष्टी मी का सांगते? कारण सेवेबद्दल भाषणं पुष्कळ होतात, पण सेवा बिघडते ती अशाच बारीक गोष्टींत. आधी न विचारता दिलेलं चौथं ब्लँकेट आणि गरिबाच्याच धंद्यावर आलेला फुकट चहा या दोन्ही चुका मी स्वतः केल्या आहेत, आणि दोन्ही चांगल्या मनानं केल्या आहेत.

आता थोडं दूरचं सांगते. डेन्मार्कमध्ये आइनार होल्बोल नावाचे एक टपाल कर्मचारी होते. १९०३ च्या नाताळात शुभेच्छापत्रांचे ढीग हातावेगळे करताना त्यांच्या मनात आलं, प्रत्येक पाकिटावर अगदी अल्प किमतीचं एक जादा तिकीट लागलं तर? त्या काळी तिथं क्षयानं लहान मुलं फार मरत. १९०४ मध्ये जगातलं पहिलं नाताळ-तिकीट निघालं. त्यावर राणी लुईजचं चित्र होतं. लोकांनी ती तिकिटं लाखांनी घेतली. त्या पैशांतून कोल्डिंग इथं क्षयरोगी मुलांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. ही कल्पना मग देशोदेशी गेली आणि आपल्याकडंही आली. तुमच्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना आठवत असेल, शाळेत २ ऑक्टोबरला टीबीची तिकिटं यायची. गुरुजी प्रत्येकाला विकत घ्यायला सांगायचे. आपल्याकडं ती मोहीम १९५० पासून गांधीजयंतीला सुरू होते. कोपनहेगनच्या टपालातल्या एका माणसाला नाताळच्या गर्दीत सुचलेली गोष्ट नगर जिल्ह्यातल्या पोरांच्या वहीवर येऊन चिकटली. मी स्वतः चौथीत ते तिकीट कंपासपेटीच्या झाकणाला लावलं होतं. पुढं क्षयाच्या वॉर्डात सात वर्षं काम केलं तेव्हा ते झाकण मला अनेकदा आठवलं.

दुसरी गोष्ट रोमची. तिथं संत इजिदिओ नावाचा एक समुदाय आहे. १९८२ च्या नाताळला त्यांनी सांता मारिया इन त्रास्तेवेरे या फार जुन्या चर्चमध्ये जेवणाची टेबलं मांडली. विसेक माणसं जेवायला होती. त्यात एकटे राहणारे म्हातारे होते, रस्त्यावरचे होते. बाक बाजूला सारून, वेदीच्या समोर पंगत. आज तीच पंगत कितीतरी देशांत बसते. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. वाढणारे आणि जेवणारे एकाच टेबलाशी बसतात. आम्हीही हे उचललं. पाणी संपलं की चटई टाकतो, घरची बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा काढतो, आणि जे थांबतील त्यांच्यासोबत जेवतो. उभं राहून वाढलं की माणसाला आपल्याकडं मान वर करून बघावं लागतं. बसलं की तो आपल्या गावच्या गोष्टी सांगतो.

आता घरातल्या बायांसाठी दोन शब्द, आणि ते पुरुषांनी नीट ऐकावेत. आपल्या नगरच्या मातीत रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होऊन गेले. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं त्यांना आठवेल, दुष्काळातली अनाथ मुलं टिळकांच्या घरात आली. टिळकांच्या मनाचा मोठेपणा मी कोण मोजणार. पण त्या मुलांचं खाणंपिणं, आजारपण, न्हाणं, उवा काढणं कुणाच्या अंगावर पडलं असेल, याचा विचार करा. एकानं ठरवायचं आणि दुसरीनं राबायचं, असं घराघरांत चालतं. नाताळच्या आठवड्यात बाई रात्री बारा वाजेपर्यंत तळणात असते. तिच्यावर तुम्ही आणखी एक 'कुटुंबाची परंपरा' लादली तर ती सेवा नव्हे. आमच्याकडं नियम आहे, सत्तावीस तारखेच्या भाकरी आदल्या रात्री यजमान आणि मुलगा थापतात. पहिल्या वर्षी त्या भाकरींचे नकाशे झाले, कडा फाटल्या, पण लोकांनी आनंदानं खाल्ल्या. आता यजमानांची भाकरी माझ्याहून चांगली फुगते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण ती तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. ख्रिस्ती माणसं सेवा करतात ती धर्म वाढवायला, असं म्हणणारे लोक आहेत. माझ्या बंबाजवळ पुस्तिका नसते, पत्रक नसतं, प्रार्थनेची अट नसते. कुणी विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर आम्ही सांगतो, "आमचा नाताळ आहे." ज्या मातेला धर्मशाळेत जागा मिळाली नाही आणि जिचं बाळ गव्हाणीत निजलं, तिच्या आठवणीचा हा सण. बाळंतिणीला कढत पाणी देण्यापेक्षा त्या सणाला साजेसं दुसरं काय असणार? मुसलमान शेजारी ईदच्या नमाजाआधी फितरा देतात, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटते. हिंगण्याच्या स्त्री-शिक्षण संस्थेसाठी भाऊबीज गोळा करायला कार्यकर्त्या वर्षानुवर्षं दारोदार फिरल्या. सणाच्या ताटात परक्याचा वाटा काढून ठेवणं ही आपल्या सगळ्यांचीच रीत आहे. गोव्याकडं तर नाताळला ज्यांच्या घरी दुःख झालेलं असतं ते गोडधोड करत नाहीत, त्यांच्याकडं शेजारी नेवऱ्या, दोदोल पोचवतात. किती शहाणी रीत! रडणाऱ्या घराला सण चुकू नये म्हणून सगळ्या गावानं घेतलेली काळजी.

फोटोंचं एका वाक्यात सांगते. आम्ही काढत नाही. ओल्या केसांनी, फाटक्या टॉवेलानं तोंड पुसणाऱ्या बाईचा फोटो काढायचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

मुलं यातून काय शिकतात, असं मला नेहमी विचारलं जातं. चौथ्या वर्षीची गोष्ट. नेवाशाकडचे एक आजोबा होते, बायको अतिदक्षता विभागात. दोन दिवस त्यांनी आमच्या बंबाचं पाणी नेलं, कारण त्या वर्षी आम्ही अठ्ठावीसलाही गेलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा गावाहून आला. आजोबांनी त्याच्या पिशवीतून ओल्या हरभऱ्याचे डहाळे काढले आणि नातीच्या ओंजळीत ठेवले. ती माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं, आपण द्यायला आलोय, घ्यायचं कसं? मी म्हटलं, "घे बाळा, आजोबांच्या रानातले आहेत." तिनं घेतले आणि तिथंच त्यांच्याशेजारी बसून सोलून खाल्ले, दोन दाणे तिला, दोन आजोबांना. त्या दिवसापर्यंत ती पोर पाणी द्यायची आणि पुढच्याकडं वळायची. त्या दिवसानंतर ती थांबून नाव, गाव विचारायला लागली. मी शंभर वेळा सांगून जे झालं नसतं ते मूठभर हरभऱ्यानं झालं.

आता ती पंधरा वर्षांची आहे. मागच्या नाताळला माझ्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं होतं. मी म्हटलं, यंदा राहू द्या. तिनं मला विचारलंसुद्धा नाही, परवानगीचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून देऊन आली होती. घरात रीत पडली हे मला त्या अर्जावरून कळलं.

तुमच्या घरी बंब असेलच असं नाही. गरजही नाही. जवळच्या रुग्णालयात, वृद्धाश्रमात, ऊसतोड कामगारांच्या कोपीवर जा आणि आधी रिकाम्या हातानं जाऊन विचारा, काय हवंय. उत्तर बहुधा आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा लहान असतं. मग एक दार धरा, दरवर्षी तेच. ज्या दिवशी कुणी जात नाही तो दिवस निवडा, आणि घरातल्या प्रत्येकाला, अगदी सहा वर्षांच्या पोरालाही, खरं काम द्या.

आमचा बंब या सत्तावीसलाही पहाटे पाचला पेटणार आहे. यजमान आता शहात्तर वर्षांचे झाले. भरलेल्या बादल्या व्हरांड्यापर्यंत पोचवायला दोन धडधाकट माणसं हवी आहेत. आणि घरी नारळ फोडलात तर करवंट्या टाकू नका. व्याख्यान संपल्यावर दाराशी माझी नात पोतं घेऊन उभी आहे.