पश्चात्ताप, क्षमा आणि अक्षम्य पाप

(महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



एकेका धर्मातील एकेका विचाराची ओळख करून द्यावी आणि ती त्या धर्माबाहेरच्या माणसाने करून द्यावी, ही चालकांची कल्पना मला फार आवडली. मी मुसलमान, पेशाने शिक्षक. ख्रिस्ती क्षमाविचारावर बोलण्याचा माझा अधिकार वाचकाचा आहे, उपदेशकाचा नाही, एवढे ध्यानात ठेवून आपण ऐकावे.

आरंभ शब्दापासून करतो. आपल्या मराठीत 'पश्चात्ताप' म्हणजे मागाहून होणारा ताप, जळणे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत 'मेटानोइया' हा शब्द आहे. त्याचा अर्थ मन पालटणे. हिब्रूतील 'तेशुवा' आणि आमच्या अरबीतील 'तौबा' या दोहोंचा मूळ अर्थ परत फिरणे. जळणे ही पहिली पायरी, वळणे ही दुसरी. या दोन पायऱ्यांतील अंतर शुभवर्तमानात एकाच रात्रीच्या दोन माणसांवरून दिसते.

येशूला धरले त्या रात्री, आपण या माणसाला ओळखतही नाही, असे पेत्राने तीनदा सांगितले. कोंबडा आरवला तेव्हा तो बाहेर जाऊन रडला. यहूदाने तर चांदीच्या तीस नाण्यांसाठी गुरूला शत्रूच्या हाती दिले होते. त्यालाही खंत वाटली. त्याने नाणी परत नेली, आपण निर्दोषाचा घात केला हे कबूल केले. परंतु मत्तयाने त्याच्या या खंतीसाठी वापरलेला ग्रीक शब्द 'मेटानोइया'पेक्षा निराळा आहे. ज्या याजकांकडे तो गेला त्यांनी हात झटकले. यहूदाने गळफास लावून घेतला. पेत्र मात्र सोबत्यांत राहिला. पुढे सरोवराच्या काठी येशूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि आपला कळप त्याच्याच हाती सोपवला. यहूदाची अंतिम गती काय झाली हे ठरविणारे आपण कोण? पण दोघेही जळले आणि एकच वळला, एवढे कथेवरून दिसते.

म्हणजे क्षमा फुकट मिळते काय? जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट लूकने सांगितली आहे. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कयने अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट फेडण्याचे कबूल केले. येशू आधी घरी आला, फेड नंतर आली, हा क्रम ख्रिस्ती विचारात महत्त्वाचा आहे. तरी फेड आली, हेही तितकेच महत्त्वाचे. रोमन कॅथॉलिक पंथात पापनिवेदनानंतर धर्मगुरू प्रायश्चित्त सांगतात. प्रॉटेस्टंट पंथांत माणूस बहुधा थेट देवापुढे कबुली देतो. पण दुसऱ्याचे घेतलेले परत केले पाहिजे, यावर दोघांचे एकमत आहे. आमच्या धर्मशास्त्रातही माणसाचा हक्क बुडवला असेल तर तो परत केल्यावाचून तौबा पुरी होत नाही.

आता सर्वांत अवघड भाग. सर्व पापांची क्षमा होईल, परंतु पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाची होणार नाही, असे येशूने म्हटल्याचे मार्कच्या तिसऱ्या अध्यायात आहे. या वचनाने अनेक श्रद्धाळू माणसांची झोप उडविली. इंग्रज लेखक जॉन बन्यन याने आपल्या हातून हेच पाप घडले, या भीतीत बराच काळ काढला. १६६६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्याने ती यातना वर्णन केली आहे.

पण प्रसंग पाहा. आजारी, पछाडलेली माणसे बरी होत होती, आणि जेरुसलेमहून आलेले शास्त्री म्हणत होते की, हे सैतानाच्या बळाने चालले आहे. डोळ्यांसमोरच्या चांगल्याला ते वाईट म्हणत होते. ज्याने औषधालाच विष ठरविले तो बरा कसा होणार? संत ऑगस्टीनने याचा अर्थ असा लावला की, मरेपर्यंत न वळणारे अंतःकरण हेच ते पाप. म्हणून ख्रिस्ती धर्मगुरू घाबरलेल्या माणसाला पुष्कळदा सांगतात की, तुला भीती वाटते, यावरूनच तुझे मन अजून मेलेले नाही हे कळते. देवाचे दार उघडे असते; कडी लागते ती आतून.

मग बाहेरून कडी लावण्याचा अधिकार समाजाला आहे काय? हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेसियस याने सर्वांनी देवतांना बळी अर्पण करावा, असा हुकूम काढला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी अर्पण केला. कित्येकांनी तसे खोटे दाखले मिळविले. छळ ओसरल्यावर ही माणसे परत आली. रोमच्या नोव्हेशियनने, यांना मंडळीत जागा नाही, असा पक्ष घेतला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मधला मार्ग काढला : प्रत्येकाचा अपराध वेगळा तपासावा, प्रायश्चित्त घ्यावे, पण परतीची वाट बंद करू नये. २५१ च्या परिषदेत हेच धोरण ठरले. सिप्रियन स्वतः भेकड नव्हता. २५८ मध्ये धर्मासाठी त्याचा शिरच्छेद झाला. स्वतः न डगमगणाऱ्याने डगमगलेल्यांसाठी दार उघडे ठेवले, हे मला फार मोठे वाटते.

न्यासाच्या सभासदांना हे सांगण्याचे कारण आहे. प्रत्येक समाजात हिशेबात घोळ केलेला, भावाला कोर्टात खेचलेला किंवा घर टाकून गेलेला कोणी तरी असतोच. त्याने फेड करावी, शिक्षा भोगावी, काही काळ जबाबदारीपासून दूर राहावे, हे योग्यच. ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर क्षमेची सक्तीही कोणी करू नये. पण तो माणूस मान खाली घालून दाराशी आला, तर याजकांसारखे हात झटकायचे की सिप्रियनसारखी चौकशी करून आत घ्यायचे, हे आपल्या हाती आहे. त्याच्यासाठी सतरंजीचा एक कोपरा मोकळा ठेवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.