रामघाटाचे पाणी कोणत्या खात्यात?

उज्जैनच्या रामघाटावर उभे राहिले की समोर एकच नदी दिसते. पण त्या पायऱ्यांना लागणारे पाणी तीन वाटांनी आलेले असते. पहिली वाट क्षिप्रेची स्वतःची. इंदूरच्या आग्नेयेला, उज्जैनी नावाच्या गावाजवळच्या टेकड्यांत ती उगम पावते. माळव्याच्या काळ्या जमिनीखालचे पाणी कूपनलिकांनी इतके उपसले आहे, की पावसाळा सरून काही महिने झाले की या वाटेने फारसे काही येत नाही. दुसरी वाट कान्ह नदीची. ही इंदूर शहराच्या मधून वाहते, सांवेरवरून उत्तरेला जाते आणि उज्जैनच्या वर त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. ती उन्हाळ्यातही आटत नाही, कारण लाखो घरांच्या मोऱ्या तिला आटू देत नाहीत. तिसरी वाट नर्मदेची. ओंकारेश्वर प्रकल्पाचे पाणी सिसलिया तलावातून उचलून, सुमारे ३५० मीटर वर चढवून, क्षिप्रेच्या उगमाशी सोडले जाते. सुमारे ४३२ कोटी रुपयांची ही योजना २०१४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. आता यातली मेख पाहा. इंदूर शहर पिते तेही १९७८ पासून नर्मदेचेच पाणी, जलूदहून उपसून आणलेले. म्हणजे नर्मदा रामघाटावर दोनदा येते. एकदा इंदूरच्या नळांतून, वापरून, मैली होऊन. आणि एकदा नलिकेतून, स्वच्छ, त्या पहिलीचा मळ पातळ करायला. दोन्ही वेळा तिला विंध्याचा चढ विजेच्या जोरावर चढावा लागतो. सेकंदाला पाच घनमीटर पाणी साडेतीनशे मीटर उचलायचे, तर घर्षण आणि पंपांची तूट हिशेबात न धरताही सतरा मेगावॅट वीज लागते. हजार लिटरला जवळपास एक युनिट. एकाच नदीच्या पाण्यावर दोनदा वीज खर्च करून त्यातले अर्धे दुसऱ्या अर्ध्याला धुवायला वापरायचे, ही योजना कोणा एका माणसाने कागदावर मांडली असती, तर त्याला कोणीही वेड्यात काढले असते. पण ती कोणा एकाने मांडलेलीच नाही. ती पाच-सात खात्यांनी आपापल्या परीने अगदी शहाणपणाने केलेल्या कामांची बेरीज आहे.

आजचा माझा विषय ही बेरीज आहे. महानगर प्रदेशातल्या नियोजन संस्थांचा समन्वय म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे नकाशे आणि मेट्रोचे मार्ग येतात. मी तो प्रश्न घाटाच्या पायरीवरून पाहणार आहे, कारण पाण्याला हद्द कळत नाही आणि म्हणून ते हद्दीतली लबाडी लपवत नाही. नर्मदेची नलिका नर्मदा खोरे विकास प्राधिकरणाच्या हातात. इंदूरचे मैलापाणी इंदूर महापालिकेचे. सांवेर रस्त्यावरच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर लक्ष ठेवायचे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. देवासचे नाले देवास महापालिकेचे, बंधारे जलसंपदा विभागाचे, घाट उज्जैन महापालिकेचा, आणि स्नानपर्व आले की सगळेच जिल्हाधिकाऱ्यांचे. मराठीत ‘खाते’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत, सरकारचा विभाग आणि हिशेबाची वही. माझे म्हणणे एवढेच, की आपण समन्वय पहिल्या अर्थाच्या खात्यांत शोधत बसलो आहोत आणि तो हरवला आहे दुसऱ्या अर्थाच्या खात्यात. इंदूरने कान्हेत सोडलेल्या मळाचा खर्च इंदूरच्या वहीत कुठेही पडत नाही. तो पडत नाही तोवर संयुक्त बैठका कितीही घ्या, इतिवृत्तापलीकडे काही निघणार नाही.

ही तुटक रचना आजची नाही, आणि मराठी श्रोत्यांनी तर ती परकी मानायचे कारणच नाही. बाजीराव पेशव्यांच्या काळात माळवा वाटला गेला तेव्हा उज्जैन शिंद्यांकडे, इंदूर होळकरांकडे, धार पवारांकडे आणि देवास पवारांच्याच दोन पात्यांकडे गेले. आज ज्या इंदूर-उज्जैन-देवास-धार महानगर प्रदेशाची चर्चा आहे, तो म्हणजे या सरंजामांच्या सीमांवर ठेवलेली नवी काच आहे. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि त्याच वर्षी सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून त्याचा सूड घेतला. दोन शहरांतला तेव्हाचा समन्वय या प्रकारचा होता. देवासचे उदाहरण आणखी बोलके. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन राजे, दोन दरबार, दोन फौजा. लोक ते गंमत म्हणून सांगतात, पण आज एखाद्या रस्त्याच्या एका कडेला महापालिका आणि दुसऱ्या कडेला विकास प्राधिकरण असते, तेव्हा आपण देवासच चालवत असतो. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये इंदूर दरबाराला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला आणि शहरातल्या नद्यांचा त्यात बारकाईने विचार केला. पण अहवाल इंदूर दरबारासाठी होता. नदी पुढे शिंद्यांच्या मुलखात जात होती, आणि दुसऱ्याच्या मुलखातली नदी हा नगररचनेचा विषय नव्हता. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला; सीमा गेल्या, वह्या मात्र वेगळ्याच राहिल्या.

आता सिंहस्थाकडे येऊ. गुरू सिंह राशीत आला की चैत्र पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत उज्जैनला स्नान. २००४, २०१६ आणि आता २०२८. दर सिंहस्थाला रामघाटावर पाणी हवे आणि ते स्वच्छ हवे, ही मागणी तारखेसकट ठाऊक असते. एवढी निश्चित मुदत नगररचनेत दुसऱ्या कोणत्या कामाला मिळत असेल असे वाटत नाही. तिला उत्तर काय दिले गेले? २०१६ साठी एकीकडे नर्मदेची नलिका होतीच. दुसरीकडे कान्हेचे पाणी त्रिवेणीच्या आधीच पिपल्या राघो येथे अडवून, सुमारे १९ किलोमीटर नळातून कालियादेहजवळ, म्हणजे घाटांच्या खाली, क्षिप्रेत सोडण्याची योजना झाली. स्नानापुरता घाट वाचला. मळ मात्र नाहीसा झाला नाही, तो महिदपूरच्या दिशेने पुढे ढकलला गेला. नळ पुरेना तेव्हा त्रिवेणीवर पर्वापूर्वी मातीचा कच्चा बंधारा घालायची रीत पडली. कान्हेला लोंढा आला की बंधारा वाहून जातो आणि पुढच्या पर्वाला पुन्हा घातला जातो. जानेवारी २०१९ मधल्या शनिश्चरी अमावस्येला उलटच झाले. त्रिवेणीवर स्नानाला पाणीच नव्हते, भाविकांना चिखलात उतरावे लागले. नलिका होती, नर्मदेत पाणी होते, पर्वाची तारीख पंचांगात छापलेली होती. त्यानंतर विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी या दोघांना हटवले गेले. ज्यांच्या हातात झडप नव्हती त्यांच्यावर जबाबदारी आली. मला त्या बदल्यांच्या बरे-वाईटात शिरायचे नाही. एवढेच दाखवायचे आहे की जबाबदारी जिथे पडली तिथे अधिकार नव्हता, आणि जिथे अधिकार होता तिथे रामघाटाची नोंदच नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे दुखणे ओळखूनच मध्य प्रदेशने २०२५ मध्ये महानगर प्रदेश नियोजन व विकासाचा कायदा केला. मुख्यमंत्रीच प्राधिकरणाचे अध्यक्ष, मग आणखी काय हवे? मोठी हद्द आणि मोठा अध्यक्ष हा उपाय आपण महाराष्ट्रात पन्नास वर्षे करून पाहिला आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७४ च्या कायद्याने, १९७५ मध्ये स्थापन झाले. त्याचे मूळ काम प्रदेशाचे नियोजन आणि संस्थांचा मेळ. पण वांद्रे-कुर्ला संकुलाची जमीन त्याच्या हाती आली, तिच्या पैशातून उड्डाणपूल आणि पुढे मेट्रो आली, आणि मेळ घालणारी संस्था स्वतःच एक बांधकाम करणारी संस्था झाली. पंचच खेळायला उतरला. त्या पुलांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पण ठाण्याचा कचरा, उल्हास नदी, वसईचे पाणी यांचा मेळ घालायला मग कोण उरले? पुण्यात महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये झाले. त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, न्यायालयात अडकला आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द केला. दरम्यान इंद्रायणीवर आळंदीत फेस येतच राहिला आणि मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनीला, तिथून पंढरपुरी चंद्रभागेला जातच राहिले. रामघाट आणि पंढरपूरचे वाळवंट, दोघांचे गाऱ्हाणे एकच आहे: वरचे शहर श्रीमंत, खालचे तीर्थ, आणि मध्ये वही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकप्रतिनिधींच्या समित्या वेळ खातात. गुरू सिंहेत कोणाच्या मतदानाची वाट पाहून येत नाही. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, १ जून १९९३ पासून, दहा लाखांवरच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून आणि पंचायतींच्या अध्यक्षांतून, त्यांनीच निवडलेले असावेत असे म्हटले. तीस वर्षांत बहुतेक राज्यांनी ही समिती एक तर नेमली नाही किंवा नेमून शोभेला ठेवली. कारण हेच, की वेळ लागतो. पण वेळ नेमका कशाने लागतो? उज्जैनमध्येच सिंहस्थ क्षेत्रात शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून कायमची नगरी वसवण्याची योजना सिंहस्थाच्या तोंडावर पुढे रेटली गेली. शेतकरी संघटना रस्त्यावर आल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती मागे घेण्याची घोषणा करावी लागली. ज्यांची जमीन त्यांना आधी न विचारता जे महिने वाचवले, ते पुढे व्याजासकट भरावे लागले.

तर मग वही कशी असावी? जर्मनीतल्या रूर प्रदेशात एम्शर नावाची एक छोटी नदी आहे. कोळशाच्या खाणी आणि गावे यांनी तिचे गटार केले होते. १८९९ मध्ये तिथल्या नगरपालिका, खाणी आणि कारखाने यांनी मिळून एक संघ काढला. १९०४ च्या कायद्याने सभासदत्व सक्तीचे झाले. जो नदीवर जितका भार टाकेल त्याने तितकी वर्गणी द्यायची, आणि त्या प्रमाणात सभेत त्याचे मत. संघाची हद्द खोऱ्याची, जिल्ह्याची नाही. मात्र इथे एक गोष्ट लपवायची नाही. या इतक्या सुसूत्र संघाने केलेले पहिले मोठे काम म्हणजे एम्शरला सरळ, बांधीव, उघडे गटार करणे, जेणेकरून शेजारची रूर नदी पिण्यापुरती स्वच्छ राहील. एक नदी वाचवायला दुसरी बळी दिली, आणि तेही पूर्ण समन्वयाने. समन्वय म्हणजे सद्गुण असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. फरक एवढाच पडला, की खर्च सभासदांच्या वहीत पडत होता. त्यामुळे खाणी बंद होत गेल्या आणि जमीन खचणे थांबले, तेव्हा गटार जमिनीखाली नेऊन नदी मोकळी करण्याचे काम त्याच संघाने १९९२ नंतर हाती घेतले. २०२१ च्या अखेरीस एम्शर मैलापाण्यापासून मुक्त झाली. तीस वर्षे लागली, पण काम कोणाच्या बदलीने थांबले नाही.

आता इंदूरची बाजूही ऐकली पाहिजे. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ज्याचा गौरव झाला, त्याच्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. इंदूरने कबीटखेडीला मोठा प्रक्रिया प्रकल्प उभारला, हजारो घरांच्या मोऱ्या नाल्यांतून काढून गटारांना जोडल्या; ही कामे खोटी नव्हेत. पण स्वच्छतेची स्पर्धा शहराच्या हद्दीत मोजली जाते. हद्दीबाहेर पाणी कोणत्या रंगाने गेले याला तिथे गुण नाहीत. आणि शहर हद्दीबाहेर वाढते आहे; नव्या वसाहतींचे नाले महापालिकेचे नाहीत, ग्रामपंचायतीला झेपणारे नाहीत. इंदूर म्हणू शकते, आमच्या भागाचे आम्ही केले. ते खरेही असेल, आणि तरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत कान्ह आणि क्षिप्रा दोन्ही येतातच. प्रत्येकाने आपापले केले आणि नदी तशीच राहिली, हेच तर मी सुरुवातीपासून सांगतो आहे.

२०२८ साठी आता दोन कामे चालली आहेत. सेवरखेडी-सिलारखेडी योजनेत क्षिप्रेचे पावसाळी पाणी उचलून साठवायचे आणि उन्हाळ्यात परत नदीत सोडायचे. तिला माझा मनापासून पाठिंबा आहे. क्षिप्रेत क्षिप्रेचेच पाणी असावे ही कल्पना आपल्याला नवी वाटावी, हीच खरी लाज. दुसरे काम कान्हेच्या बंद कालव्याचे. बोगदा धरून सुमारे तीस किलोमीटर, उज्जैनला वळसा घालून गंभीर नदीच्या खालच्या भागात. गंभीर शेवटी क्षिप्रेलाच मिळते. रूरने एम्शरचे केले तेच आपण गंभीरचे करतो आहोत, फक्त वर्गणी आणि मत या दोन गोष्टी वगळून. म्हणून महानगर प्राधिकरणाच्या पहिल्या कामांत मी मेट्रोच्या आधी वहीचे काम ठेवीन. कबीटखेडी, सांवेर, त्रिवेणी आणि रामघाट या चार जागी पाण्याची मोजणी रोज व्हावी आणि ती घाटावरच्या फलकावर, मराठी-हिंदी कोणालाही वाचता येईल अशी, लागावी. त्या मोजणीवरून वरच्या प्रत्येक नगरपालिकेचा आणि औद्योगिक वसाहतीचा भार ठरावा. बंद कालव्याच्या देखभालीचा आणि नर्मदेच्या उपशाच्या विजेचा खर्च त्या भाराच्या प्रमाणात त्यांच्या अंदाजपत्रकात दरवर्षी टाकावा. आणि गंभीरच्या काठच्या गावांचे सरपंच ज्या सभेत मत देऊ शकतील, त्याच सभेत तो मंजूर व्हावा.