आकाशातून पाहिलेली पांढरी

गावाची वस्ती ती पांढरी आणि कसदार शेतजमीन ती काळी, हे आपणांस ठाऊकच आहे. राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साठत गेली म्हणजे जमिनीचा रंग पालटतो. वस्ती उठून गेली तरी तो राहतो. जुन्या गावाचा माग काढणाऱ्याची पहिली खूण हीच.

ही खूण आता आकाशातूनही पाहता येते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात क्रॉफर्ड यांनी विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून प्राचीन शेतांचे बांध ओळखून दाखवले. त्यातले इंगित शेतकऱ्याला सांगायला नको. बुजलेल्या चरावर माती खोल, ओल जास्त, म्हणून पीक जोमदार. गाडलेल्या भिंतीवर तेच पीक लवकर करपते. बांधावरून हे ध्यानात येत नाही. वरून रेष उमटते. उपग्रह तर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही टिपतो. त्यांत सशक्त पान उजळ दिसते. इस्रोने २००९ साली ‘भुवन’ सुरू केल्यापासून उपग्रहचित्रे शाळेतही पाहता येतात.

पण चित्र म्हणजे निकाल नव्हे. पांढरा डाग चुनखडीचाही असेल! जागा नकाशावर मांडायची, पायी जाऊन खापरे पाहायची, मगच उत्खननाची गोष्ट.

राळेगणसिद्धीकरांनी पाणी अडवताना उतार आणि ओघळी पारखल्या. जुनी वस्ती शोधणाराही नकाशात तेच पाहतो, कारण माणूस पाण्याच्या आधारानेच राहिला. पारनेरला लागूनच शिरूर तालुका. तिथे घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळवायला पाट खणला होता, बांध घातला होता. तेव्हा पाणी अडवण्याची विद्या या मुलखात नवी नव्हे!

आपल्याच जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडले, तेही गावकऱ्याच्याच हाताला. मात्र आज पांढरीची माती शेतात नेली जाते, यंत्राने टेकाडे सपाट होतात. एकदा थर मोडले, की कुठलाही उपग्रह ते परत आणून देणार नाही.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना विनंती, की मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या. पांढरी, जुन्या विहिरी, वीरगळ, शेतांची जुनी नावे त्यात मांडा. काही सापडले तर स्वतः खणू नका. तहसील कचेरीत कळवा. गावाचा सातबारा आपण जपतो. हा त्याहून जुना उतारा आहे, तोही जपू या.