वस्त्राआडची शस्त्रे आणि प्रतिमेची मर्यादा



२५ डिसेंबर २००९ रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात दडविलेले स्फोटक पेटविण्याचा प्रयत्न केला. पीईटीएन नावाच्या या स्फोटकात धातू नसतो. त्यामुळे धातुशोधक चौकटीला ते कळण्याचा संभवच नव्हता. त्यानंतर अमेरिकेने संपूर्ण देहाची प्रतिमा घेणारी यंत्रे विमानतळांवर झपाट्याने बसविली.

त्यांचे दोन प्रकार होते. एकात क्षीण क्ष-किरण अंगावर टाकून मागे विखुरलेल्या किरणांवरून प्रतिमा तयार होई. मात्रा अत्यल्प असली तरी हे आयनीकारक प्रारण. म्हणून युरोपीय संघाने २०११ मध्ये क्ष-किरणांविना चालणाऱ्या यंत्रांनाच मुभा दिली. दुसऱ्या प्रकारात सुमारे २४ ते ३० गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी वापरतात. त्यांची तरंगलांबी साधारण १० ते १२ मिलिमीटर. कापडातून त्या सहज पार होतात. पाण्याचा अंश असलेली त्वचा मात्र त्यांना परावर्तित करते. अंगाशी दडविलेली वस्तू, मग ती पोलादी असो वा सिरॅमिकची, निराळे परावर्तन देते आणि उघडी पडते. शरीराच्या आत लपविलेली वस्तू या लहरींना दिसत नाही, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे.

खरा वाद पेटला तो वेगळ्याच मुद्द्यावर. वस्त्राआडचा देह कोणीतरी पडद्यावर पाहत असे. अमेरिकी काँग्रेसने २०१२ मध्ये कायदाच केला: प्रवाशाची प्रतिमा न दाखविता सर्वांसाठी एकच ढोबळ आकृती दाखवावी आणि संशयास्पद जागी केवळ खूण करावी. मिलिमीटर लहरींच्या यंत्रांना हे साधले. क्ष-किरण यंत्रांच्या उत्पादकाला ते मुदतीत जमले नाही आणि २०१३ मध्ये ती यंत्रे अमेरिकी विमानतळांवरून हटविण्यात आली. किरणांच्या भीतीपेक्षा संगणक-प्रणालीच्या उणिवेने त्यांचा निकाल लावला, ही बाब मला अधिक बोलकी वाटते.

भारतात नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने एप्रिल २०१९ मध्ये संवेदनशील विमानतळांवर अशी यंत्रे बसविण्यास सांगितले. मुदती पुढे लांबल्या. तत्पूर्वी २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा अनुच्छेद २१ खालील मूलभूत हक्क ठरविला होता. त्यावर मर्यादा आणायची तर कायद्याचा आधार, वैध उद्दिष्ट आणि प्रमाणबद्धता या कसोट्या लागतात. प्रतिमा साठवावी काय, हा प्रश्नही त्यांतच येतो.

आपल्याकडे आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. वस्त्राच्या घड्या आणि घाम यांमुळे यंत्र विनाकारण इशारा देते. मग साडीच्या निऱ्या आणि फेट्याचे पीळ यांचे काय होणार? प्रत्येक इशाऱ्यानंतर हातानेच झडती घ्यावी लागते, आणि स्त्री प्रवाशांसाठी पडद्याआडची खोली व महिला कर्मचारी यांची गरज कायम राहते.