नाव नसलेली पुडी



अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात २०२१ मध्ये कोविड रुग्णालय उभे राहिले, त्या काळात आंबेगाव-जुन्नरच्या घराघरांत ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकू येऊ लागला. शब्द नवा होता, औषध मात्र कितीतरी आधीपासून गावात होते. कधी ते ‘दम्याची पुडी’ म्हणून यायचे, कधी ‘सांध्याची गोळी’, तर कधी अंग धरण्याची गोळी म्हणून. घेणाऱ्याला त्याचे खरे नाव कुणी सांगितलेले नसे. आजही पुष्कळदा सांगत नाहीत, आणि या औषधाचे बहुतेक अनर्थ तिथूनच सुरू होतात.

कोविडचेच पाहा. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, तेही जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. पहिली दोन वाक्ये व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचली, तिसरे वाटेतच गळाले. ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी लोकांनी गोळ्या सुरू केल्या, साखर तपासली नाही, दहा दिवसांचे वीस दिवस केले. पुढे म्युकरमायकोसिसने माणसांचे डोळे आणि जबडे नेले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक ही त्यामागची दोन मोठी कारणे. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार अधिसूचित करायला सांगितले. महाराष्ट्राने तेव्हा फार सोसले.

तरीही या औषधाला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन या स्टेरॉइडची इंजेक्शने दिली. काही दिवसांतच ती चालू लागली. हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल मिळाले. पण १९५२ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात एक वेगळी नोंद आली: कित्येक महिने कॉर्टिसोन घेणारा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला होता. त्याच्या शरीराला ताण पेलण्यापुरते संप्रेरक स्वतः बनवता आले नव्हते.

आंबेगावच्या शेतकऱ्याला हे समजवायला वेगळे शिक्षण लागत नाही. डिंभे धरणाच्या कालव्याचे पाणी बारमाही मिळू लागले की विहिरीवरची मोटर महिनोन्‌महिने बंद राहते. एके दिवशी कालवा आटला आणि मोटरचे बटण दाबले, तर ती लगेच फिरेलच असे नाही. हे संप्रेरक बनवणाऱ्या, मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींचे तसेच होते. साधारण तीन आठवड्यांहून अधिक काळ गोळ्या चालल्या, तर त्या एकदम बंद करता येत नाहीत. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. मधेच जोराचा ताप आला, उलट्या होऊन गोळी पोटात राहीना किंवा ऑपरेशन ठरले, तर मात्रा वाढवावी लागते, प्रसंगी इंजेक्शनही द्यावे लागते. तसे झाले नाही, तर रुग्णाला ग्लानी येते, रक्तदाब कोसळतो, आणि दारात उभ्या डॉक्टरला कारण सापडत नाही, कारण गोळीचे नाव घरात कुणालाच माहीत नसते.

मुलांच्या बाबतीत तर वजनाशिवाय मात्रा ठरतच नाही. दम्याचा तीव्र झटका आला, तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज दर किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, सहसा ३ ते ५ दिवस. एवढ्या छोट्या कोर्सनंतर हळूहळू उतरवायची गरज बहुधा नसते. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये, म्हणजे लघवीतून प्रथिने जाऊन मूल सुजते तेव्हा, पहिल्या खेपेला सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड, असा लांबचा पल्ला असतो. सूज आठ-दहा दिवसांत उतरते. आईला वाटते, पोर बरे झाले, आता कशाला गोळी? तिचे चुकत नाही. उरलेल्या दहा आठवड्यांचा अर्थ तिला कुणी उलगडून सांगितलेला नसतो. मोठ्या मात्रेवर दोन आठवडे किंवा अधिक काळ असलेल्या मुलाला गोवर-रुबेलासारखी जिवंत लस लगेच देत नाहीत, औषध बंद झाल्यावर साधारण महिनाभर थांबतात. अशा मुलाचा कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. हे आशाताईंना माहीत असायला हवे, कारण लसीच्या दिवशी समोर त्याच असतात.

साध्या सर्दी-खोकल्यावर बाळाला स्टेरॉइडचे थेंब पाजणे मात्र थांबलेच पाहिजे. तिथे ते उपयोगाचे नाहीत.

मोठ्यांची फसगत आकड्यांनी होते. डेक्सामेथासोनची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची, म्हणून ती हलकी वाटते. प्रत्यक्षात ती प्रेडनिसोलोनच्या तीनेक मिलिग्रॅमची बरोबरी करते. गुडघेदुखीसाठी अशा गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहिल्या की साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, दबलेला क्षयरोग डोके वर काढतो. सोबत वेदनाशामक गोळी असेल, तर जठराला व्रण होण्याचा धोका आणखी वाढतो. दुखणे थांबते, म्हणून तक्रार कुणी करत नाही. चेहरा गोल झाला की ‘तब्येत सुधारली’ म्हणतात!

मंचरच्या बाजारात बटाट्याच्या हिशेबाची पट्टी मिळते. वजन, भाव, तारीख, सारे लिहिलेले. औषधाच्या पुडीला तेवढाही कागद नसावा, हे या व्यवसायाला शोभत नाही. स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हा कायदा आहेच. त्यापुढे जाऊन आजपासून एक काम करता येईल. जो डॉक्टर ही गोळी लिहील, त्याने मराठीत चार ओळी लिहून द्याव्यात: औषधाचे नाव, रोजची मात्रा, सकाळी जेवणानंतर किती दिवस, आणि कोणत्या तारखेला पुन्हा दाखवायचे. लांबचा कोर्स असेल तर पाचवी ओळ, लाल शाईत: ‘मनाने बंद करू नये.’ मोठ्या माणसाने हा कागद आधार कार्डाबरोबर पाकिटात ठेवावा. लहान मुलाचा असेल तर तो लसीकरणाच्या कार्डाला टाचावा, आणि औषधविक्रेत्याने पुढच्या गोळ्या देण्याआधी तो मागून पाहावा.