चिठ्ठी सापडली, मग?



फेब्रुवारी-मार्च उजाडला की आपल्या नाशिक भागात दोन गोष्टींची धांदल उडते. एक द्राक्षांच्या तोडीची आणि दुसरी मुलांच्या परीक्षांची. द्राक्षांविषयी मी प्राध्यापक माणूस तुम्हाला काय सांगणार? निफाड-दिंडोरीकडची तुम्ही मंडळी त्यात माझे गुरू आहात. मला बोलायचे आहे ते दुसऱ्या पिकाविषयी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. घरचीच आहे, म्हणून सांगायला थोडा संकोच वाटतो. पण आडपडदा ठेवला तर या बोलण्याला अर्थ उरणार नाही. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपराला त्याच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. शाळेतून मला बोलावणे आले.

खरे सांगू? वाटेत माझ्या मनात मुलाचा विचार फारसा नव्हताच. मनात एकच वाक्य घोळत होते, ‘प्राध्यापकाचा मुलगा कॉपी करतो! लोक काय म्हणतील?’ शाळेत गेलो आणि मुख्याध्यापिकाबाईंना म्हणालो, “बाई, लेकरू आहे, चुकलं. एवढ्या वेळी सोडून द्या. मीही शिक्षकच आहे.” बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, तुमच्या कॉलेजात एखाद्या मुलाचे वडील असं म्हणत आले, तर तुम्ही काय उत्तर द्याल?”

मी गप्प बसलो. काय बोलणार?

घरी आलो, आणि शाळेत गिळलेला राग मुलावर निघाला. हात उगारला. तेवढ्यात माझी आई मध्ये आली. ती चौथीपर्यंत शिकलेली. म्हणाली, “अरे, मारशील मग. आधी त्याला विचार तरी, का केलंस म्हणून!”

रात्री जेवणे झाल्यावर विचारले. बराच वेळ तो बोलेना. मग हळूच म्हणाला, “बाबा, दिवाळीत तुम्ही मामांना सांगितलं होतं, याला गणितात नव्वदच्या खाली मिळायचेच नाहीत. मला तर सहामाहीपासूनच समीकरणं कळत नव्हती. तुम्हाला सांगायची भीती वाटली.”

श्रोतेहो, चिठ्ठीवरचे अक्षर मुलाचे होते, पण ती लिहायला मीही थोडा हात लावला होता, हे मला त्या रात्री कळले.

मूल कॉपी करताना सापडले म्हणजे आईबाप बहुधा दोन वाटांपैकी एक धरतात. कोणी छडी घेतात, कोणी पांघरूण घालतात. मी तर एकाच दिवशी दोन्ही वाटा चालून आलो! छडीने मूल कॉपी सोडत नाही, चिठ्ठी अधिक चांगली लपवायला शिकते. आणि पांघरुणाने ते शिकते की आपला बाप वजनदार आहे, आपले काही बिघडत नाही.

तिसरी वाट मात्र याहून वाईट. परीक्षाकेंद्राच्या भिंतीवर चढून, खिडकीच्या गजांतून चिठ्ठ्या पोचवणारे काका, दादा, आणि कधी कधी प्रत्यक्ष वडील! आपल्या महाराष्ट्रात १९८२ सालापासून परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. परीक्षामंडळ कॉपीमुक्त अभियान चालवते. नाशिकच्या विभागीय मंडळाकडे नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे चार जिल्हे आहेत, आणि परीक्षेच्या दिवसांत भरारी पथके फिरत असतात. चांगली गोष्ट आहे. पण भरारी पथकाची नजर पेपराच्या तीन तासांपुरती. दिवसाचे बाकीचे एकवीस तास मूल कोणाच्या नजरेखाली असते? आणि कोणाकडे पाहत असते?

ते आपल्याकडे पाहत असते. एस.टी.त बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला अर्धे तिकीट असते. मुलाला तेरावे लागलेले असते, आणि आपण त्याच्या कानात सांगतो, “कंडक्टरनं विचारलं तर अकरा सांग हं.” शाळेने प्रकल्प करून आणायला सांगितला, तर आपण दुकानातून तयार प्रकल्प आणतो, वर मुलाचे नाव घालतो आणि हौसेने गुण विचारतो. मग परीक्षेच्या खोलीत त्याने तेच केले, तर आपण कपाळाला हात लावतो. कॉपीची पहिली इयत्ता पुष्कळदा घरीच भरते, बरं का!

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, ज्या दिवशी कळेल त्या दिवशी कमी बोला. आपला राग आधी शांत होऊ द्या. त्या दिवशी आपण जे बोलतो ते बरेचसे आपल्या अब्रूविषयी असते.

दुसरी गोष्ट, ‘का’ हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कारणे नाना असतात. कोणाला विषय कळलेला नसतो, कोणाला घरची धास्ती असते, कोणाला मित्रांचा आग्रह मोडवत नाही. कांदालागवडीच्या दिवसांत आपण मुलीला महिनाभर शेतावर नेलेले असते आणि त्या महिन्यातले धडे तिच्या वहीत कोरेच राहिलेले असतात. कारण समजून घेतले म्हणजे चूक माफ केली असे नव्हे. पण दुखणे कळल्याशिवाय औषध कोणते द्यायचे?

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. शाळा जी शिक्षा देईल ती मुलाला भोगू द्या. रदबदली करू नका. मात्र त्याला एकटे सोडू नका. शाळेत त्याच्याबरोबर जा, शेजारी उभे राहा. पण चूक त्याची त्यालाच बोलू द्या.

इथे गांधीजींच्या आत्मकथेतला एक प्रसंग आठवतो. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. मन खाऊ लागले, तेव्हा चिठ्ठी लिहून वडिलांच्या हाती दिली, आणि शिक्षाही मागितली. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली. एक शब्दही बोलले नाहीत. पण लक्षात घ्या, क्षमा आली ती कबुलीनंतर. आणि कबुली देता आली, याचा अर्थ भीती असूनही त्या घरात खरे बोलायला जागा होती. आपल्या घरात ती आहे का, हे ज्याचे त्याने तपासावे.

चौथी गोष्ट म्हणजे जे कळलेले नाही ते शिकवण्याची सोय करा. बागाईतदार मंडळींना मी वेगळे काय सांगू? द्राक्षाचा घड ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना दिसतो. पण काडीत तो धरायचा की नाही, हे एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच ठरून गेलेले असते. तेव्हा हयगय झाली तर पुढे कितीही फवारण्या करा, नसलेला घड कुठून येणार? मुलांचेही तसेच. मार्चमधली चिठ्ठी जून-जुलैत न कळलेल्या धड्यातून उगवते. तेव्हाच दप्तर उघडून बघा. आपल्याला शिकवता येत नसेल तर नुसते विचारा, “आज काय कळलं नाही?” या प्रश्नाला शिक्षण लागत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच विनंती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई केली आहे. सापडलेल्या मुलाला वर्गापुढे उभे करून ‘चोर’ म्हणू नका. ते नाव एकदा चिकटले की मूल त्याला जागायला लागते. नियमाने जी शिक्षा असेल ती द्या, आणि नंतर पाच मिनिटे त्याला जवळ बसवा.

माझ्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून पुरे करतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शाळेत गेलो. तोच बोलला, मी बाजूला उभा होतो. त्या पेपराला त्याला शून्य मिळाले. सुट्टीत रोज संध्याकाळी आम्ही आठवीचे गणित पहिल्यापासून घेऊन बसू लागलो. वर्षभराने, नववीच्या वार्षिक परीक्षेत त्याला शंभरापैकी बावन्न मिळाले.

पुढच्या दिवाळीत मेव्हणे आले. त्यांनी विचारले, “काय भाचेबुवा, गणितात किती?” मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणालो, “बावन्न. आणि सगळे त्याचे स्वतःचे.”

तो हसला. त्या दिवसापासून त्याने माझ्यापासून एकही गुणपत्रिका लपवलेली नाही.